पैसे घेतले जात नाहीत

देवरी, १५ जून २००९

प्रिय शामकला,

तुझ्यावर माझा राग होता, ते आधीच सांगून टाकते. तुझे मालक बिसरामभाऊ गेले अन् त्यांच्या मागची पेन्शन मिळावी म्हणून तू फाईल घेऊन आमच्या ओसरीवर येऊ लागलीस. आमचे हे पलटणीत कारकून होते. माजी सैनिकांचे, त्यांच्या बायकांचे फॉर्म फुकट भरून देतात. 'पैसे घेतले जात नाहीत' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली. तुला वाचता येत नाही म्हणून तुझं सरकारी पत्र आलं की आधी मनाशी वाचत, मग एकेक ओळ दोनदा वाचून दाखवत, किती जीव लावून! अन् मी सातवी शिकलेली. सतरा वर्षं पलटणीतून मला काय येई, तर 'मी खुशाल, तुम्ही खुशाल असा.' जळफळाट होई बाई माझा. तुझ्या चहात साखर मुद्दाम कमी टाकायची मी.

म्हणून विहिरीवर गाठून तुला म्हटलं, फॉर्मचे दोन हजार लागतात, माझ्याकडे आणून दे, ह्यांच्यापुढे बोलू नको. वाटलं, तुला जमायचं नाही, येणं बंद होईल. तू तर मोहफुलं विकून पैसे आणलेस! अन् दारात अंग चोरून उभी राहणारी तू त्या दिवसापासून खुर्चीवर बसू लागलीस. पैसे मोजले, मग काऊन लाजायचं?

त्यात तू भोळी. तुझ्यासारखाच फॉर्म भरायचा होता त्या अंजनाला कौतुकानंच सांगितलंस, दोन हजार घेतात पण काम पक्कं करतात. परवा तिनं येऊन चारचौघांत ह्यांच्यापुढे नोटा ठेवल्या. ह्यांनी पाटी उतरवली. शामकलानं माझं नाव घालवलं म्हणाले अन् तुझी फाईल बांधून ठेवली. दोन दिवस धड जेवले नाहीत. मी नुसती भात वाढत राहिले.

तुझे दोन हजार तांदळाच्या डब्यात तसेच आहेत. हे पत्र मिळालं की नेहमीसारखं तू ह्यांच्याकडेच घेऊन येशील. ते कितीही रागावलेले असोत, आलेलं पत्र वाचायला नाही म्हणायचे नाहीत. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुला लिहून राहिली.

तर अहो, इथवर वाचलंत. आता तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवा, एकेक ओळ दोनदा. मग तिची फाईल सोडा. मी आत चुलीपाशी आहे, तिच्या नोटा हातात घेऊन.

तुझीच, अन् तुमचीही,
धुरपता