चिंचोक्यांच्या दोन वाट्या

आई,

तुला वाचता येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की तू ते आधी कपाळाला लावायचीस आणि मग माझ्या हातात द्यायचीस. मी चुलीपाशी बसून वाचायचो. एखादी ओळ तुला लागेल असं वाटलं तर ती गाळून पुढची वाचायचो. तुला ते कधी कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि तू बोलली नाहीस. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा आज मी मोठा आहे.

काल नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही कॉलेज कसं निवडलंत? तिला माझ्यासारखं पैशाच्या व्यवहारातलंच काम करायचं आहे आणि त्यासाठी कुठे शिकावं यावर घरात महिनाभर खल चालू आहे. कुठल्या कॉलेजातून किती जणांना कुठे नोकरी लागली याच्या याद्या ती फोनवर बघत असते. मी तिला तुझ्या वाट्यांची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, पणजी माझ्याहून हुशार होती. पुढचं मी सांगितलं नाही. ते तुला सांगायचं आहे.

मी मॅट्रिक झालो तेव्हा वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि लालबागच्या दोन खोल्यांत तुझी खानावळ चालू होती. गिरणीतले गाववाले पाळीप्रमाणे येऊन जेवून जायचे. मला बँकेत जायचं होतं. दादरचं कॉमर्स कॉलेज नवं, जवळ, माझे सगळे मित्र तिथेच. फोर्टाकडचं जुनं. शाळेतले मास्तर म्हणाले, दोन्ही सारखीच. तू म्हणालीस, "सारख्या काय नसता. रव जरा. मी बघतंय." आणि चार दुपारी, भांडी आवरून, तू ट्रामने फोर्टात गेलीस. बँकांच्या मागच्या जिन्याशी स्टुलावर बसलेले शिपाई बहुतेक आपल्या गावाकडचेच. त्यातले एक काका तर रविवारी आपल्याकडेच जेवायचे. तू प्रत्येकाला विचारलंस, "तुझो सायब खयच्या कॉलेजातलो रे?" एका साहेबाला एक चिंचोका. पदराच्या एका टोकाला दादर, दुसऱ्याला फोर्ट. घरी येऊन दोन वाट्यांत ओतलेस. फोर्टाची वाटी काठापर्यंत आली. दुसरीचा तळ दिसत होता.

पंगतीतला एक म्हणाला, "मावशी, भाकऱ्या सोडून आता कॉलेजं थापतंस काय?"

"तू जेव गप. तुका इचारलंय काय?" असं म्हणून तू काठापर्यंत भरलेली वाटी माझ्यापुढे सरकवलीस.

मी फॉर्म आणला. पालकाच्या सहीच्या जागी तू अंगठा उठवलास आणि हात न धुता परातीकडे वळलीस. पहिल्या भाकरीवर निळा डाग पडला. ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी फोर्टातल्या त्या कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. पुढची मुलं आपसात इंग्रजीत बोलत होती. त्यांचे बूट चांगले होते. खिडकीतला माणूस तुसडा वाटला. फॉर्म घेताना तो प्रत्येकाला काहीतरी विचारत होता आणि मुलं भराभर उत्तरं देत होती. मला एक वाक्य जुळवता येईना. मी रांगेतून बाहेर पडलो, मैदानात जाऊन बसलो, आणि संध्याकाळी घरी आलो. तू विचारलंस, "काय म्हटल्यानी?"

मी म्हणालो, "घेत नाहीत. मराठी मुलांना घेत नाहीत तिथे."

त्या दिवसांत हे वाक्य तयारच होतं. नाक्यावर, भिंतीवर, सभेत त्याच्यासारखी दहा वाक्यं रोज कानावर पडत. त्यातली बरीच खरी होती. मी माझं त्यांच्यात ठेवून दिलं. तू हातातली भाकरी तव्यावर टाकलीस आणि उलटायची विसरलीस. तोपर्यंत संयुक्त महाराष्ट्राचं नाव निघालं की तू म्हणायचीस, "मोर्चो येतलो काय माझ्या भाकऱ्या थापूक?" त्या रात्रीच्या पंगतीला मात्र तू प्रत्येक ताटापाशी थांबून सांगितलंस, "माझ्या झिलाक घेतल्यानी नाय." माणसं जेवायची थांबली. एकाने ताटावर मूठ आपटली. मी पाणी वाढत होतो.

पुढच्या आठवड्यात बायकांचा मोर्चा निघाला आणि तू चूल विझवून गेलीस. परळच्या नाक्यावर अश्रुधूर सुटला, धावपळ झाली, तू ट्रामच्या रुळावर पडलीस. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बसवलं ते वाकडंच बसलं. त्यानंतर तुला भाकरी थापता आली नाही.

मी दादरला नाव घातलं. कॉलेज सकाळचं होतं. त्याआधी पहिल्या पाळीच्या लोकांच्या भाकऱ्या मी थापायचो. तू पाटावर बसून सांगायचीस, "पाणी कमी. कडेक दाब." मी दाबायचो. आधी भाकऱ्या तुटत, मग नकाशासारख्या होत, मग गोल. लोक म्हणायचे, "बँकेचो सायब बघा, काय छापता!" तू हसायचीस. नखांत पीठ घेऊन मी जमाखर्चाच्या तासाला बसायचो.

एका रविवारी ते शिपाईकाका लवकर आले. तू नळावर होतीस. ते माझ्या हातांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "त्या कॉलेजचा शिपाई माझ्या ओळखीचा. मी त्याला तुझ्या फॉर्मचं विचारलं. तुझा फॉर्म तिथे आलाच नव्हता."

माझा हात थांबला. तवा तापून धूर निघायला लागला.

"सांगू आईला?" मी विचारलं.

"आता नको," ते म्हणाले. "हात गेलाय तिचा. कशापायी गेला, ते तरी राहू दे तिच्यापाशी." मग पाट ओढून बसले. "वाढ. भूक लागलीय."

ते राहिलं तुझ्यापाशी. राज्य झालं त्या दिवशी तू चाळीत साखर वाटलीस, डाव्या हाताने. कोणी मनगटाबद्दल विचारलं की तू ते पुढे करायचीस आणि म्हणायचीस, "झिलाच्या कॉलेजापायी गेलंय मी मोर्चाक." मला बँकेत नोकरी लागली, मी पुढे अधिकारी झालो, तरी तू ते सांगत राहिलीस, आणि मी प्रत्येक वेळी शेजारी उभा होतो. शेवटच्या आजारातही डॉक्टरला तू हेच सांगितलंस. त्याने माझ्याकडे आदराने बघितलं.

फॉर्म अजून आहे. शाई फिकट झाली आहे, पण तुझ्या अंगठ्याच्या रेषा नीट दिसतात.

खिडकीतला माणूस तुसडा नव्हता. तो मराठी होता. माझ्या पुढे दोनच मुलं उरली होती तेव्हा त्याने मान बाहेर काढून मला म्हटलं, "ये रे बाळ, आण तुझा फॉर्म, खिडकी बंद व्हायची वेळ झाली." मी त्याच्याकडे बघितलं. मला काठापर्यंत भरलेली वाटी दिसली. आपण त्यातला एक चिंचोका कधी होऊ शकणार नाही असं वाटलं, आणि मी वळलो. मला कोणी 'नाही' म्हटलं नाही, आई.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं तर तू ते कपाळाला लावून माझ्याच हातात दिलं असतंस. मी चुलीपाशी बसून वाचून दाखवलं असतं, आणि खिडकीतल्या माणसापाशी आल्यावर त्या ओळी गाळल्या असत्या.