दिवाणजींची तिमाही तपासणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा उभ्या उभ्या नमस्कार. (उभ्या उभ्या हे शब्दशः घे. घरात लिहिण्याजोगी खुर्ची एकच, तिच्यावर दिवाणजी झोपलेत. सोळा वर्षांच्या बोक्याला उठवलं की तो पुन्हा उडी मारून चढणार आणि सांधे दुखवून घेणार, म्हणून मी ओट्यावर कागद ठेवून लिहितोय. घराचं भाडं मी भरतो, हे आपलं तुझ्या माहितीसाठी.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून पुढेच ढकलताहेत का? त्यांना म्हणावं, दिवाणजी वेळच्या वेळी सगळ्या तपासण्या करून घेतात, कधी कां-कू करत नाहीत. चावतात फक्त.

तुझं पत्र पोचलं. आता त्याचं वय झालं, दर तीन महिन्यांनी एवढे पैसे ओतण्यात काय अर्थ, हा तुझा प्रश्न रास्त आहे. बोका मुळात तुझा, तू लग्न होऊन गेलीस आणि आंदण इथेच विसरलीस, तेव्हा विचारण्याचा हक्कही तुझाच. हिशेब असा: मूत्रपिंडं झिजू लागली आहेत. ती पुन्हा नवी होणार नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे हा उपचार नव्हे, ही नुसती पाळत. रक्त, लघवी, रक्तदाब, दर तिमाहीला. पगाराचा आठवा हिस्सा जातो. (लघवीचा नमुना घरून न्यायचा असतो. त्यासाठी मी दोन दिवस त्यांच्या मागे पळी घेऊन दबक्या पावलांनी फिरलो. पळी तू दिलेल्या संचातली होती. आता ती संचात नाही.)

शिवाय दर रविवारी घरी वजन करून लिहून ठेवायचं. दिवाणजी काट्यावर उभे राहत नाहीत, हा त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. म्हणून मी त्यांना उचलून स्वतः काट्यावर चढायचो आणि आलेल्या आकड्यातून माझे बहात्तर किलो वजा करायचो. पाच किलोचे दिवाणजी तीन महिन्यांत चारवर आले. छापखान्यात खोटं सांगून अर्धी रजा टाकली, त्यांना टोपलीत घातलं आणि तडक दवाखाना गाठला. वाटेत ते एकदाही ओरडले नाहीत, त्याने मी आणखीच घाबरलो.

तिथल्या काट्यावर दिवाणजी भरले पाच किलो. पुन्हा ठेवले, पुन्हा पाच. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद खालून वर वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेरच्या मोठ्या काट्यावर (जो दांडग्या कुत्र्यांसाठी आहे) मला उभं केलं. एकाहत्तर. म्हणजे किलोभर उतरला होता तो मी. जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःचं वजन तीन महिन्यांत एकदाही तपासलं नव्हतं. आणि उतरणार नाही तर काय? दुपारचं जेवण सोडलंय, पोटाला बरं वाटतं, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. बरं पोटाला नव्हे, पाकिटाला वाटत होतं. खाणावळीचे वाचलेले पैसे तपासणीच्या डब्यात जात होते. बाईंनी ते न सांगताच ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही जेवत जा. याचे पैसे हप्त्याने दिलेत तरी चालतील."

मग मी तुझा प्रश्न त्यांना विचारला. आपला म्हणून नाही, बहिणीचा म्हणूनच विचारला. पाळत बंद केली तर काय होईल? त्यांनी दिवाणजींच्या मानेवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कदाचित तेवढंच जगेल. पण मांजर दुखलेलं सांगत नाही हो. दुखायला लागलं की आपल्याला कळावं, म्हणून तपासायचं."

टोपली उचलली आणि घरी आलो. येताना खाणावळीत जेवलो, दिवाणजी शेजारच्या बाकावर होते.

एकूण काय, हा खर्च शुद्ध वेडेपणा आहे हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तब्येतीला जप. दिवाणजी नमस्कार सांगताहेत. (सांगत नाहीत, झोपलेत.)

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या वर्षाच्या चारही तारखा घेऊन ठेवल्या आहेत. पैसे पाठवू नकोस. तुझा तो कोपरावर विरलेला मरून रंगाचा स्वेटर टाकला नसशील तर तेवढा पाठव, न धुता. टोपलीत घालायला हवाय.

दुसरा ता. क. वेगळ्या पार्सलने बाबांचं टेबलावरचं घड्याळ येतंय. तेरा वर्षांपूर्वी ते दिवाणजींनी पाडलं असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू त्यांना आठवडाभर बाल्कनीत झोपायला लावलंस. पंख्याची जळमटं काढताना ते मी पाडलं होतं. दिवाणजी तिथेच बसून बघत होते. काच नवी बसवली आहे, काटे तेच आहेत, वेळ बरोबर दाखवतं. दिवाणजींच्या नावाने दोन ओळी लिहिशील का? वाचून मी दाखवीन.