सीटवरची खोळ

रविवार, सायंकाळ

सुनंदा गेल्यानंतर दुरुस्तीस घेतलेली तिची जुनी माउंटन बाइक आज पूर्ण झाली. सर्व भाग त्याच काळातले मिळवले. खटकत होती ती केवळ सीटवरची खोळ, सुनंदाने चादरीच्या तुकड्यातून शिवलेली. कंपनीची नव्हे, तेव्हा काढणेच योग्य. काढली आणि फेरफटका मारला. सीट इतकी टणक, की उभ्यानेच पेडल मारत परतलो! फाटकात मेहुणी हसू लागली.

"दाजी, सायकलीला सोवळं नेसवलंय व्हय?"

"खोळ मूळची नाही," मी म्हणालो.

"अक्कानं पहिल्याच दिवशी शिवली की! नुसत्या सीटवर तीसुद्धा एकदाच बसली."

म्हणजे खोळही त्याच काळातली? निःसंशय. मग खोळ नसणे, हीच चूक ठरते. पुन्हा चढवली. सुनंदाने एवढा युक्तिवाद ऐकूनच घेतला नसता.

उद्या तलावापर्यंत जाईन. बसून.