घर विकायचं नाही

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

"घर विक आणि भावोजींचा खर्च भागव," असं तू परवा म्हणालास आणि मी फोन आपटला. म्हणून हे लिहावं लागतंय. घर मी विकणार नाही.

इथल्या शुश्रूषागृहात ते बरे आहेत, पोटभर जेवतात. जन्मभर मुख्याध्यापकी केल्यामुळे समोर कागद आला की सही ठोकतात, एवढंच. परवा इथल्या व्यवस्थापकाने घर तारण ठेवायचा कागद पुढे केला आणि यांनी ऐटीत सही केली! मी तो त्याच्यासमोर फाडला. म्हटलं, "यांच्या पेन्शनमधून यांचा खर्च होईल. घराकडे बघायचं नाही. मलाही अजून जगायचंय."

तसाही त्या सहीला अर्थ नव्हता. दोन वर्षांपूर्वी, सगळं नीट कळत होतं तेव्हाच, त्यांनी घर माझ्या नावावर केलं. वकीलबाईंनी "नक्की ना?" विचारलं, तर म्हणाले, "मला कुठेही ठेवा, हिला घरातून उठवू नका." आता हे तू मोडायला सांगतोस?

काल त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर येत नाहीत का भेटायला?" मी म्हटलं, "येतात अधूनमधून."

तुझा गुडघा कसा आहे? मी इथे यांच्याजवळ आहे तोवर घरी आमच्या कुंड्यांना पाणी घालतोस ना?

तुझी ताई

सोबत पाठवलं: घराच्या बक्षीसपत्राची मूळ प्रत, तुझ्या कपाटात ठेवायला. आणि त्यांचं शाईचं पेन. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी टोपण घट्ट लावून स्वतःच दिलं.