गाळणीतला वरणभात

५ जानेवारी, सोमवार
चाकणला डॉक्टरबाईंकडे. अनूचं वजन सव्वासात किलो. दोन महिन्यांपूर्वीही सव्वासातच. वर्षाची झाली, दात आले, भिंत धरून उभी राहते, आणि काटा जागचा हलत नाही. बाईंनी खालची पापणी ओढून बघितली. रक्त कमी. लोहाचे थेंब लिहून दिले.
"काय खाते?"
"वरणभात."
"किती घट्ट?"
मी अनूचं झबलं चढवत राहिले. अमोलच बोलला, "ही सगळं गाळून देते, मॅडम. चहाच्या गाळणीतून."
गाळणी वेगळी आहे, चहाची नाही. पण तिथं सांगून काय उपयोग. महिन्याभरानं परत बोलावलंय. तोवर वजन वाढलं नाही तर दाखल करून तपासण्या. येताना रिक्षात तिला इतकं आवळून धरलं की रडायला लागली.

६ जाने.
बाईंनी सांगितलेलं डोक्यात घोळतंय. चमचा तिरका केला तरी सांडू नये इतकं घट्ट. डाळ, अंडं, पालेभाजी, वर तूप. आधी जेवण, मग अंगावरचं दूध. पण अंगावरचं बंद नाही करायचं. उमासा आला, खोकली, आवाज येतोय, तर थांबायचं, तिचं तिला खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला तर काय करायचं तेही बाहुलीवर दाखवलं. मी नीट बघितलंच नाही. बघवेना.
दुपारी भात नुसता कुस्करला. गाळला नाही. चमचा तोंडापाशी नेला आणि डोळ्यांपुढे तिचं उष्टावण. माझा भाऊ मांडीवर घेऊन खीर भरवतोय, सगळे फोटो काढतायत, आणि हिचे ओठ निळे. खिरीत बदामाचा तुकडा. खालच्या घरमालकीण काकूंनी पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं बाहेर पडला.
चमचा खाली ठेवला. भात परत गाळला.

९ जाने.
गावाहून सासूबाईंचा फोन. "अंगावरचं तोड म्हणलं न तुला. पोट दुधानं भरल्यावर कशाला खाईल लेकरू? कडू कोरफड लाव छातीला. दोन दिवस रडल अन् गप जेवायला लागल."
"डॉक्टर नको म्हणल्या, आत्या."
"डॉक्टरनं चार लेकरं वाढवली का माझ्यावानी?"
अमोलची सेकंड शिफ्ट, तो नाही. काकूंच्या कुंडीत कोरफड आहे. बघून आले. तोडली नाही.

१० जाने., शनि.
तोडली.
तिनं तोंड लावलं आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही आधी. नुसतं बघितलं. मग जी सुरू झाली ती... साबणानं धुतलं, परत जवळ घेतलं, तर तोंड फिरवते. भात नको, दूध नको, पाणीसुद्धा नको.  होतं नव्हतं तेही मी बंद करून बसले. संध्याकाळी गुंगीत चुकून प्यायली. मी हललेसुद्धा नाही, पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी.
अमोल ऐकून म्हणाला, "आईचं कशाला ऐकायलीस? अन् इतकी कशाला भ्यायलीस?" कशाला म्हणे. हा कंपनीत असतो, घास मी भरवते.

१४ जाने., संक्रांत
काकू तिळगूळ घेऊन वर आल्या. अनूचं बोरन्हाण करायचंच म्हणतात. पिंपरी कॅम्पातून हलव्याचे दागिने आणून ठेवलेत तिच्यासाठी. मी नको म्हटलं. बोरं, शेंगा, हलवा, उसाचे तुकडे, सगळं डोक्यावरून ओतायचं आणि ही खाली बसलेली. एकेक वस्तू घशात बसेल अशीच. हलव्याचा हार तर थेट तोंडाच्या उंचीवर.
"आमच्यात वर्षाच्या लेकराचं बोरन्हाण चुकवत न्हाईत बाई. तुझ्या सासूला काय सांगू मी?"
शेवटी तडजोड. फक्त चुरमुरे. हार फोटोपुरता.
"बोरंच न्हाईत, मंग बोरन्हाण कसलं," करत खाली गेल्या.

१८ जाने., रवि.
अक्षर वेडंवाकडं येतंय.
काकूंच्या ओट्यावर पाट मांडला. काळं झबलं घालून अनू बसली. औक्षण झालं, हार घातला, फोटो, हार काढला. मग डोक्यावरून चुरमुरे. आळीतली पोरं तुटून पडली. अनू खळखळून हसत होती. त्यात दोन बोरं टणटण करत पाटावरून घरंगळली.
"काकू, बोरं?"
"शकुनापुरती गं. मूठभर पन न्हाईत."
मी वळून बघते तो अनूचं तोंड हलतंय. काहीतरी घातलंय तोंडात. आणि खोकली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मी तिच्या तोंडात बोट घालणारच होते. मग खोकल्याचा आवाज ऐकू आला. मोठा, खणखणीत. आवाज येतोय तर थांबायचं. मी पाटाशेजारी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. अमोल "अगं बघ की!" म्हणून ओरडला. मी ऐकत होते, फक्त तिचा खोकला. तो थांबला. बाहुलीवर दाखवलेलं काही आठवेना.
ती गिळत होती. हनुवटीला ओला चुरमुरा चिकटलेला. तिनं मूठ भरली आणि परत तोंडात घातली.
घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून रडले.

२० जाने.
आता पाटावर बसवून समोर ताटली ठेवते. डाळभात कुस्करून, पालक बारीक, वर तूप. स्वतःच्या हातानं अर्धं अंगाला फासते, थोडं खाते. चमचा नेला की तोंड मिटते, माझ्या हातावर विश्वासच नाही जणू. कोरफड आठवत असेल का? वर्षाच्या लेकराला किती आठवतं?

२७ जाने.
उकडलेलं अंडं थुंकून टाकलं. काल खाल्लं होतं. थेंबांनी शी काळी होते, बाई म्हणाल्या होत्या होईल म्हणून, तरी दर वेळी दुपटं उजेडात नेऊन बघते. काकू रोज विचारतात, "काय खाल्लं आज माझ्या बाईनं?" मी थोडं वाढवून सांगते.
गाळणी फळीवर आहे. फेकवत नाही.

४ फेब्रु., बुध.
उद्या चाकण. उचलून घेतली की जड वाटते, पण मला वाटायचंच. अमोल म्हणतो पिशवी भरून ठेव, दाखल करायला सांगितलं तर परत हेलपाटा नको. भरली. तिचे कपडे, दुपटी, वाटी. गाळणी आत टाकली, मग काढली. मग परत टाकली.
दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. भाकरी वरणात कुस्करली होती, डाळीचे दाणे तसेच. स्वतःच्या हातानं घेतलेल्या दुसऱ्याच घासाला तिला उमासा आला. खोकली. मी हात मांडीखाली दाबले आणि ऐकत बसले. खोकला थांबला. तिनं ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. माझ्याकडे बघून, कोरफडीनंतर पहिल्यांदाच.
हात मांडीखालून निघता निघेना. काढला. घास केला.