चिमणीचा डावा पाय

३ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? इकडे चिमणी मजेत. एवढ्या धिप्पाड घोडीचं नाव चिमणी ऐकून नवे स्वार हसतात, आणि तिने दीड मीटरचा अडथळा पार केला की गप्प होतात. दादाने तिच्यावर दोनदा अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही ती अशीच उडायची. तिसऱ्या वेळी शेवटच्या अडथळ्यावर दोघं कोसळली आणि दादा गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. ती बरी झाली, आणि आता मी तिच्यावर बसते.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. शेवटच्या दोन अडथळ्यांमध्ये सगळे सात ढांगा घेतात. दादा सहा घ्यायचा. मी लगाम आवळून सात मागते, तरी ती सहाच घेते. उडायच्या आधी तिचे कान मागे वळतात, खोगिरावरून कुणी बोलत असल्यासारखे. दादा बोलायचा तिच्याशी. मी तर दात आवळून बसलेली असते. परवा सगळे म्हणाले, काय सुंदर उडी! ती उडी माझी नव्हतीच, बाबा.

यंदा अजिंक्यपदासाठी नाव दिलंय. बघायला याल ना?

आशीर्वाद राहू द्या.
तुमची ठकू


११ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा जागेवर आहे, त्याच्याबद्दल याहून चांगलं काही सांगता येत नाही. चाळीस वर्षं घोड्यांच्या पायाशी बसलेल्या नालबंदाचे स्वतःचे पाय असेच जायचे. तुझी आई म्हणते, यांनाच एक नाल ठोका.

घोडी उभी असताना पुढचा डावा पाय हलका सोडते का? खुराच्या वर तळहात ठेवून बघ, दोन्ही पाय सारखेच गार लागतात का. आणि नाव मागे घे. कारण विचारू नकोस, म्हाताऱ्याचा हट्ट समज.

जिवाला जप, आमचा जीव तिकडेच आहे.
बाबा


१८ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले. ठणठणीत आहेत. मी नाव मागे घेणार नाही, हट्टात मी तुमचीच मुलगी.

दादा गेला त्या दिवसापासून तुम्ही तबेल्यात पाऊल टाकलेलं नाही. पेपरवाल्यांनी दादाला उतावळा म्हटलं, एक ढांग वाचवायला गेला आणि जिवाला मुकला असं छापलं, तेव्हाही तुम्ही मान खाली घालून बसलात. मला वाटलं, दुःखाने.

डावाच पाय का, बाबा?

उत्तराची वाट पाहते.
ठकू


२५ ऑगस्ट

चि. ठकूस,
आशीर्वाद.

त्या सकाळी नाल बघायला मी तिचा पाय मांडीवर घेतला. डावा पाय कोमट लागला, म्हणजे आत काहीतरी दुखावलेलं. थोडासाच. तुझ्या दादाने वरून विचारलं, पाय कसा आहे. मी म्हणालो, झकास.

तिसरं अजिंक्यपद आजवर कुणाला मिळालं नव्हतं. ते माझ्या नालांवर मिळावं, एवढाच लोभ होता. सहा ढांगा चूक नव्हत्या, पोरी. पाय चूक होता. तो कोमटपणा अजून या तळहातात आहे. भाकरी हातात घेतली तरी तोच लागतो.

आईला हे ठाऊक नाही. तुला जे करायचं ते कर.

बाबा


९ सप्टेंबर

बाबा,

नमस्कार.

स्पर्धेच्या सकाळी मी तिच्या पायावर हात ठेवला. पाय गरम होता की माझाच हात, कळेना. डॉक्टर म्हणाले, काही नाही, बसा. पण दादाचा प्रश्न कानात होता आणि झकास हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी नाव काढून घेतलं.

मग पेपरवाल्याला बोलावून सगळं सांगितलं, तुमच्यासकट. लपवावंसं वाटलं होतं, पण उतावळा हा शिक्का दादाने किती दिवस वागवायचा? आईला तुम्हीच आधी सांगा, तिला छापील कागदातून कळू नये.

चिमणी आता उडणार नाही. तिचे नाल काढून तिला कुरणात सोडायचंय. दोन वर्षं गुंगीचं औषध देऊनच नाल बदलले, आता ते नको. दोन नालबंद येऊन गेले. नालासाठी डावा पाय उचलू गेलं की ती भिंतीला अंग लावून थरथरते. मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही आणि कधी करेन तेही ठाऊक नाही. तरी सोमवारच्या गाडीने या. तो पाय ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

रागावलेली आणि वाट पाहणारी,
ठकू