फोटोत नुसतं कोपर

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, आजी, बीपी वर गेलंय, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा. म्हणून नातीची ही अर्धी कोरी वही घेतली. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं, पण त्यात काय मोठंसं. मुळात मला राग येतच नाही. खरं बोललं की लोकांना तो राग वाटतो. डॉक्टरांना हेच सांगितलं, तर त्यांनी परत एकदा बीपी बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता बातमी. नातीच्या हायस्कूलच्या मुली रिलेत पहिल्या आल्या. एवढीशी शाळा, पळणाऱ्या मुली चारच, तरी पहिल्या. आता फायनल. ती जिंकली की परगावी मोठ्या स्पर्धेला, रेल्वेनं, तिथंच मुक्काम. नातीनं माळ्यावरची बॅग आजच काढून पुसून ठेवली. अजून कधी आमच्याशिवाय कुठं गेलेली नाही.

शाळेच्या फाटकाशी काचेचा बोर्ड आहे. त्यात बातमी आणि फोटो. मुद्दाम बघायला गेले. फोटोत कोण? ती लांबटांगी. सगळ्यात शेवटी पळते ती. छातीवर फीत आणि सगळे दात बाहेर. माझी नात तिसरी पळाली, मग हिला मिठी मारायला धावत आली असणार, तर तिचं कडेला नुसतं कोपर आलंय. कोपर मी ओळखलं. आमच्या घराण्याचं आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. इथं लिहून टाकली. आता शांत आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शांत नव्हते. शाळेत गेले.

खेळाचे सर (तेच भूगोलाचे, शाळेला दोन माणसं परवडत नाहीत) मैदानावर फक्कीनं पांढऱ्या रेघा मारत होते. त्यांना नीट विचारलं, माझ्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय? म्हणाले, आजी, तिसरीला वळण घ्यावं लागतं. तुमच्या नातीसारखं वळण अख्ख्या स्पर्धेत कुणी घेत नाही. उंच मुलीला वळणावर पाय आवरत नाहीत, बाहेर फेकली जाते, म्हणून तिला सरळ रस्ता. मी म्हटलं, माझी नातही सरळ पळते, लहानपणापासून बघतेय. म्हणाले, रिले चौघी मिळून जिंकतात. म्हटलं, मग फोटोत चौघी का नाहीत? यावर फक्कीचा डबा उचलून पलीकडे गेले. मास्तर माणूस आणि पाठ दाखवतो!

शिपाई येऊन म्हणाला, आजी, वर्ग चालू आहेत, जरा हळू. मी हळूच बोलत होते. त्यांच्या भिंती पातळ आहेत.

५ नोव्हेंबर

ठरवलं, घरात विषय काढायचा नाही.

जेवताना काढला. नात म्हणाली, आजी, मला तिसरंच आवडतं गं, वळणावर ना असं वाटतं की... पुढचं ऐकू आलं नाही कारण मी बोलत होते. पोरीला मागता येत नाही, भिडस्त आहे. आवडतं म्हणजे नाइलाज आहे. मला कळतं ते.

सून म्हणाली, आई, हात जोडते, परत शाळेत जाऊ नका. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून ‘हं’ म्हणाला. या ‘हं’साठी मी खस्ता खाल्ल्या.

८ नोव्हेंबर, सकाळ

सरांना जमत नसेल तर मी शिकवते. फीत तोडायची सवय हवी. गल्लीच्या टोकाला परकराची नाडी आडवी बांधली, एक टोक विजेच्या खांबाला, एक माझ्या हातात. नातीला म्हटलं, पळ आणि छातीवर घे. ती म्हणाली, आजी, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत, फायनललाही बघणारच आहेत. ती निघाली. तेवढ्यात मागून पोस्टमन सायकलवरून आला आणि नाडी छातीवर घेऊन पहिला गेला. वर मलाच म्हणाला, आजी, डोळे फुटले असते माझे. म्हटलं, उघडे ठेवून चालवा मग.

नात घरात पळाली. वेग चांगला होता. सरळ रस्ता होता. सरांनी बघायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंकडे गेले. मुख्याध्यापक त्याच. खुर्ची दिली, पाणी दिलं, माणसं ओळखतात. मी एकच वाक्य बोलले. माझी नात शेवटी पळेल, नाहीतर पळणारच नाही. शाळेत पाचवी पळणारी मुलगी नाही, हे काय मला ठाऊक नाही? बाईंनी सरांना बोलावलं. सर पुष्कळ बोलले, वळण, वेग, वगैरे. बाई कपाळ धरून म्हणाल्या, अहो सर, तिघींची रिले कशी पळवणार आहात? सरांनी खिशातला कागद काढून दोन नावांची अदलाबदल केली.

जिंकले. आवाजही चढवला नाही. शिपाई उगाच दारात उभा होता.

११ नोव्हेंबर

नात शाळेतून आली ती डोळे लाल करून. मैदानावर धूळ फार आहे. आनंदही असणार. बोलली मात्र नाही. मोठा आनंद झाला की माणूस बोलत नाही.

संध्याकाळी लांबटांगी दारात. चप्पल न काढताच उभी. म्हणाली, आजी, मला वळणावर भीती वाटते हो, तुम्ही सरांना सांगा ना, होतं तसंच राहू दे. आम्हा सगळ्यांना जायचंय तिकडे. म्हटलं, एवढे पाय मिळालेत तर वळव की. फोटो जाईल म्हणून पोटात दुखतंय का? म्हणाली, फोटो तिलाच द्या, मला नको. चहा विचारला तर नको म्हणाली आणि गेली. घरात शिस्त नसली की असं होतं.

सून सगळं ऐकत होती. भांडी फार जोरात घासली.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

पहिल्या!!! पहिल्या आल्या!

निकालाआधी दोन ओळी लिहून घेते, मैदानावरच बसलेय. माझी नात शेवटी पळाली. तिच्या हातात रिलेची नळी आली तेव्हा दोघी पुढे होत्या. लांबटांगीनं वळणावर मागे पाडलं होतं, मी म्हणतच होते. पण माझ्या पोरीनं दोघींना मागे टाकलं आणि फीत छातीवर घेतली. मी उभी राहून ओरडले. शेजारचा माणूस कान धरून लांब बसला. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, कोपर नको, तोंड घे. त्यानं घेतला.

सरांकडे बघून हसले. ते बघत नव्हते. पंचांच्या टेबलाशी उभे होते.

तोच दिवस, संध्याकाळ

बाद केलं.

वळणावर लांबटांगीचा पाय शेजारच्या पट्ट्यात गेला म्हणे. एक पाऊल नाही, बरीच. पंचाला म्हटलं, अहो, रेघच ती, भिंत आहे का? फक्की तर आहे, फुंकली तर उडेल. तो म्हणाला, आजी, नियम आहे. म्हटलं, नियम कुणी केला, बोलवा त्याला. दोन माणसांनी मला धरून बाकावर बसवलं. धरायची गरज नव्हती, मी बसणारच होते.

लांबटांगी गवतात तोंड खुपसून रडत होती. बाकीच्या दोघी तिच्या पाठीवर हात ठेवून. माझी नात थोडी लांब उभी. जवळ गेली तर त्या दोघींनी मान वर केली नाही. हे मला आवडलं नाही. ती पहिली आली होती, विसरल्या?

सर नातीला म्हणाले, तू छान पळालीस गं. मग माझ्याकडे बघितलं आणि शिट्टी खिशात टाकून निघून गेले. बोलायला हवं होतं. माझी उत्तरं तयार होती.

चूक कुणाची? लांबटांगीची. तिला वळण देणाऱ्या सरांची. मी फक्त शेवटच्या जागेबद्दल बोलले होते, वळण कुणाला द्या हे मी सांगितलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

ठरवलं, कुणाला काही बोलायचं नाही.

नातीनं बॅगेतले कपडे काढून कपाटात घडी करून लावले. म्हटलं, पुढच्या वर्षी जाशील. म्हणाली, पुढच्या वर्षी शाळा संपलेली असेल, आजी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात ठेवायला घरात दुसरं कुणी नाही का? सुनेला तसं म्हटलं. ती रिकामी बॅग उचलून माळ्यावर ठेवायला गेली. मुलानं मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘हं’सुद्धा म्हणाला नाही.

डॉक्टरांकडे गेले. बीपी आणखी वर. म्हणाले, वहीत लिहिता ना? म्हटलं, रोज.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

नात पहाटेच बूट घालत होती. आता कसली स्पर्धा, विचारलं. म्हणाली, कसलीच नाही, पळून येते. म्हटलं, थांब, मी येते बरोबर, बघते कशी पळतेस. ती म्हणाली, नको आजी.

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. दार आपटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. तिनं ते हळूच ओढून घेतलं, मी झोपलेली असल्यासारखं.

आज राग लिहायला बसले. अजून सुचला नाही.